कीर्तनात उपदेश रंगतो कसा

एकच दाखला सकाळी चर्चमध्ये व्यासपीठावरून सांगितला आणि रात्री वस्तीवर कीर्तनात उभा केला, तर ऐकणाऱ्यांवर होणाऱ्या परिणामात केवढा फरक पडतो! कीर्तनात माणसं हसतात, डोळे पुसतात, मध्येच गाऊ लागतात. याचं श्रेय लोक कीर्तनकाराच्या आवेशाला देतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. आवेश घडवावा लागतो, आणि तो घडवायची रीत आपल्या मातीत फार जुनी आहे.

गोव्यात फादर स्टीफन्सनं 1616 साली छापलेलं ‘क्रिस्तपुराण’ ओवीत होतं. सुमारे अकरा हजार ओव्या, मोठ्यानं वाचून ऐकवण्यासाठी रचलेल्या. पुढे 1831 पासून अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. तिथल्याच कृष्णराव सांगळे यांनी 1860च्या दशकात नारदीय कीर्तनाचा साचा ख्रिस्ती कथेसाठी वापरला. त्या काळी खेड्यापाड्यांतला बहुतेक श्रोता निरक्षर होता. लिहून आणलेलं प्रवचन त्याच्यापुढे वाचण्यात काय हशील? 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक नगरला आले आणि अभंग, भजन, कीर्तन हेच त्यांनी प्रचाराचं साधन केलं.

आता आतली रचना बघू. सुरुवात नमनानं होते. मग मूळपद: एखादा अभंग, ज्यात त्या रात्रीचा सगळा विषय सामावलेला असतो. त्यावर निरूपण. हा पूर्वरंग. इथे आवाज खालीच ठेवायचा. कीर्तनकार चार वाक्यं बोलतो, ओळ गातो, पुन्हा बोलतो. टाळकरी ती ओळ उचलतात आणि हळूहळू समोरची मंडळीही उचलतात. एकदा ओळ श्रोत्याच्या तोंडात बसली की तो नुसता ऐकणारा राहत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्येही उपदेशकाच्या वाक्याला मंडळी मोठ्यानं साद देतात आणि त्या सादेवर तो पुढचं वाक्य उचलतो. तत्त्व तेच.

मध्यंतराला हरिकीर्तनात बुक्का लावतात. ख्रिस्ती कीर्तनात त्या जागी सगळ्यांना पाठ असलेलं भजन होतं. लोक सावरून बसतात. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान.

उधळ्या पुत्राचं आख्यान घ्या. लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातली ही गोष्ट लहान पोरांनाही माहीत असते, तरी रंगते. घर सोडण्याचा, पैसा उधळण्याचा भाग कटाव या वेगवान रचनेत, झपाझप. दुष्काळ पडतो तिथे तबला थांबतो. डुकरांच्या शेंगांवर नजर ठेवून बसलेला मुलगा घरी गेल्यावर बापाला काय म्हणायचं ते मनात जुळवतो: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला चाकर म्हणून ठेवा. कीर्तनकारानं हे साकी नावाच्या वृत्तात बांधून संथ लयीत पूर्ण गावं. मग बाप लांबून त्याला बघतो आणि धावतो. मानाचा, वयस्कर माणूस, गावादेखत धावतो! इथे झांज येते, लय चढते, कीर्तनकार उपरणं सावरत दोन पावलं पुढे येतो. मुलगा तीच साकी पुन्हा सुरू करतो. पण मूळ कथेत चाकरीचं वाक्य या वेळी येतच नाही. त्याआधीच बाप झगा आणायला सांगतो. म्हणून साकी तिथेच तोडायची. शेवटचा चरण गायचाच नाही.

श्रोत्याला तो चरण पाठ झालेला असतो. तो मनात म्हणतो, आणि बापानं तो बोलू दिला नाही हे त्याचं त्यालाच कळतं. क्षमा म्हणजे काय हे वेगळं समजावायला लागत नाही. डोळे भरतात ते इथे. या क्षणाची तयारी मात्र साकी पहिल्यांदा सावकाश, स्पष्ट गायली तेव्हाच झालेली असते. तिथे घाई केली की पुढे कितीही टाहो फोडा, काही हलत नाही.

म्हणूनच ध्वनिवर्धक मोठा लावून पहिल्या वाक्यापासून टिपेला जाणारा उपदेश मला खटकतो. विस्तव सुरुवातीलाच भडकवला तर भाकरी करपते आणि आत कच्ची राहते. श्रोत्याला चढायला पायरीच उरत नाही. थोड्याच वेळात तो आवाजाला सरावतो आणि त्याचं मन भरकटतं. उपदेशकाचा कळवळा खरा असूनही हे होतं, याचं जास्त वाईट वाटतं.

पेटी-तबला नसेल तरी ही रीत वापरता येते. रविवारच्या मराठी उपासनेत उपदेशकानं वचनातलं एक वाक्य निवडावं, ते सुरुवातीला मंडळीकडून सावकाश म्हणवून घ्यावं, ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातलं त्याच आशयाचं गीत उपदेशाच्या मधोमध घ्यावं, आणि आवाज चढवायची एकच जागा आधी ठरवून ठेवावी. ती जागा कुठली, हे शोधण्यासाठी शास्त्रपाठ घरी मोठ्यानं आणि पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. न गायलेल्या चरणासारख्या जागा डोळ्यांनी वाचताना सहज निसटतात.