फाटकावरची माणसं : चर्चच्या आवारातली दहा वर्षं

१५ मार्च २०१५. उपवासकाळातला रविवार होता. लाहोरच्या योहानाबाद वस्तीतल्या सेंट जॉन चर्चमध्ये मिस्सा चालू होती आणि फाटकावर आकाश बशीर नावाचा वीस वर्षांचा तरुण उभा होता. तो पोलीस नव्हता, पगारी पहारेकरीही नव्हता. त्याच धर्मग्रामातल्या तरुणांनी आळीपाळीने फाटक सांभाळायचं ठरवलं होतं, त्यांच्यातला तो एक. अंगावर स्फोटकं बांधून आत घुसू पाहणाऱ्या माणसाला त्याने अडवलं, धरून ठेवलं आणि त्याच स्फोटात तो गेला. आत भरलेलं चर्च वाचलं. ३१ जानेवारी २०२२ रोजी त्याला ‘देवाचा सेवक’ म्हणून मान्यता मिळाली. संतपदाच्या वाटेवरची ही पहिली पायरी, आणि तिथवर पोचलेला तो पहिला पाकिस्तानी.

आकाशला जाऊन आता दहा वर्षं उलटली आहेत. या काळात आमच्या वसईत, मुंबईत आणि एकूणच भारतीय उपखंडात चर्चचं आवार सांभाळण्याची रीत पार बदलली. हा बदल घडवणाऱ्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत. म्हणून त्यांच्या कामाचा हा मागोवा.

आधीचं आवार

आगाशी, नंदाखाल, निर्मळ, पापडी, रमेदी. वसईतली ही चर्चेस म्हणजे नुसती प्रार्थनेची जागा कधीच नव्हती. आवारात शाळा, मैदान, दफनभूमी, सभागृह. गावची पाऊलवाट त्यातूनच जाणारी. स्वयंसेवकाचं काम सणापुरतं असे : मांडव घालायचा, खुर्च्या मांडायच्या, मिरवणुकीत दोरी धरायची.

भीती तेव्हाही होती, तिचं रूप वेगळं होतं. नव्वदच्या दशकाच्या आगेमागे इथल्या जमिनी आणि विहिरींचं पाणी यांवर डोळा ठेवून गुंडगिरी माजली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. सगळ्या धर्मांचे वसईकर त्या लढ्यात रस्त्यावर आले. एकट्यादुकट्याने घाबरण्यापेक्षा चारचौघांनी मिळून उभं राहावं, हा धडा वसईने तिथेच घेतला. पुढे आवारं सांभाळताना तोच उपयोगी पडला.

पेशावर ते पनवेल

२२ सप्टेंबर २०१३ रोजी पेशावरच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये उपासना संपवून लोक आवारात आले असताना दोन आत्मघाती स्फोट झाले आणि ऐंशीहून अधिक माणसं मेली. त्यानंतर पाकिस्तानभर चर्चच्या फाटकांवर तरुण उभे राहू लागले. आकाश याच लाटेत स्वयंसेवक झाला. याच काळातली आणखी एक गोष्ट मला तितकीच मोठी वाटते. ६ ऑक्टोबर २०१३ च्या रविवारी लाहोरच्या सेंट अँथनी चर्चबाहेर मुस्लिम नागरिकांनी ख्रिस्ती शेजाऱ्यांचे हात धरून मानवी साखळी केली आणि मिस्सा संपेपर्यंत ती सोडली नाही.

योहानाबादचीच दुसरी बाजूही सांगायला हवी. आकाश गेला त्या दिवशी खवळलेल्या जमावाने संशयावरून दोन निरपराध मुस्लिमांना ठार मारलं. आवार सांभाळणाऱ्याला बाहेरच्या हल्लेखोराइतकंच आपल्या माणसांच्या संतापालाही आवरावं लागतं. प्रशिक्षणात हे दुसरं काम अजूनही फारसं शिकवलं जात नाही. ते शिकवलंच पाहिजे.

त्याच महिन्यात, मार्च २०१५ मध्ये, नवीन पनवेलच्या सेंट जॉर्ज चर्चवर रात्रीच्या वेळी दगडफेक झाली. त्याआधीच्या महिन्यांत दिल्लीतल्या काही चर्चची नासधूस झाली होती. डिसेंबर २०१४ मध्ये दिलशाद गार्डनचं सेंट सेबॅस्टियन चर्च आगीत खाक झालं होतं. मग आपल्याकडेही सीसीटीव्ही आले, भिंती उंच झाल्या, रात्रीचे दिवे वाढले. हे सगळं गरजेचं होतं. पण घडून गेलेलं दाखवणं एवढंच कॅमेऱ्याच्या हाती असतं. दुपारपासून क्रूसापाशी बसलेल्या अनोळखी माणसाजवळ जाऊन “काही हवंय का? पाणी आणू?” असं विचारायला माणूसच लागतो. तो माणूस दुःखात असेल तर त्याला आधार मिळतो, आणि त्याचा इरादा वाईट असेल तर आपल्यावर कोणाचं लक्ष आहे हे त्याला कळतं. एकाच प्रश्नाने दोन्ही कामं होतात.

कोलंबोनंतर

२१ एप्रिल २०१९ च्या ईस्टरला श्रीलंकेत कोच्चिकडेचं सेंट अँथनी, कटुवापिटियाचं सेंट सेबॅस्टियन आणि बट्टिकलोआचं झायन चर्च यांत स्फोट झाले. हॉटेलंही लक्ष्य झाली. अडीचशेहून अधिक माणसं गेली. बट्टिकलोआत रविवारच्या शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुलं मारली गेली. पुढच्या रविवारी श्रीलंकेतल्या कॅथलिक चर्चेसमध्ये मिस्सा झाली नाही. कार्डिनल माल्कम रणजित यांनी आपल्या प्रार्थनाघरात केलेली मिस्सा लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिली.

त्या रविवारने आमच्यासमोर खरा प्रश्न ठेवला. फाटक बंद केलं की धोका टळतो, पण मग चर्च कशासाठी? ते उघडं ठेवून सांभाळायचं असेल तर माणसं हवीत, आणि त्या माणसांना शिस्त हवी. पवित्र सप्ताह आणि नाताळच्या आधी स्थानिक पोलीस ठाण्याशी बोलणं, मिस्सेच्या तासभर आधी बाकांखाली आणि वेदीमागे नजर फिरवणं, गाड्या भिंतीपासून लांब लावून घेणं, स्त्रियांच्या पिशव्या स्त्रियांनीच तपासणं, कशाला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक असणं : हळूहळू हे अंगवळणी पडलं.

पिशवी तपासण्याचंच घ्या. सुरुवातीला वडीलधाऱ्यांना तो अपमान वाटे. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला, लग्न लागलं, तिथे नातवाच्या वयाच्या मुलाला पिशवी उघडून का दाखवायची? मग आमच्याकडच्या मुलांनी दोन गोष्टी केल्या. आदल्या रविवारी घोषणांच्या वेळी सगळं नीट समजावून सांगितलं आणि पहिली पिशवी फादरांची तपासली. लाल लुगड्यातली एक आजी टेबलाशी आली. “आजी, पिशवी जरा दाखवता का?” तिथल्या मुलाने विचारलं. तिने आतलं एकेक बाहेर काढलं : रोझरी, मेणबत्ती, औषधाची डबी आणि केळीच्या सोपात बांधलेली सुकेळी. “बघितलंस ना? आता हे घे, रात्रभर उभा राहणार तू,” म्हणत तिने एक सुकेळं त्याच्या हातावर ठेवलं. तपासणी आपल्या जिवासाठी आहे हे पटलं की लोक ती नुसती सहन करत नाहीत, तिच्यात भागीदार होतात.

गर्दी, साथ आणि मुलं

घातपाताने मरतात तशी माणसं आपल्याकडे गर्दीत चिरडूनही मरतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर २३ जण गेले, आणि मुंबईच्या प्रत्येक यात्रेला त्यातून शिकावं लागलं. बांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा ८ सप्टेंबरच्या सणाभोवती भरते. सर्व धर्मांचे भाविक नवस फेडायला मेणाच्या प्रतिमा घेऊन टेकडी चढतात. अशा ठिकाणी चढणारा आणि उतरणारा लोंढा समोरासमोर येऊ न देणं, पेटत्या मेणबत्त्या एका जागी ठेवून घेणं, चुकलेल्या मुलाला त्याच्या माणसांपाशी पोचवणं ही कामं जिवाची आहेत. तपासणीसाठी येण्याची वाट एक असली तरी चालेल. बाहेर पडायच्या सगळ्या वाटा मोकळ्याच हव्यात.

करोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ मध्ये ही जत्रा भरलीच नाही. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळी पाडव्याला उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी परत उघडली. स्वयंसेवकांच्या हाती ताप मोजायचं यंत्र आणि सॅनिटायझरची बाटली आली. रोज मिस्सेला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना “तुम्ही घरीच थांबा” असं सांगण्याची वेळ त्यांच्यावर आली. तेच तरुण मग संध्याकाळी त्यांच्या घरी औषधं आणि किराणा पोचवत होते. ज्याला दारातून परत पाठवलं त्याच्या दारी आपण जायचं, हा आदरातिथ्याचा धडा त्या काळाने दिला.

सगळ्यात अवघड काम मात्र आतल्या सुरक्षेचं आहे. आवारात येणारं मूल आपल्याच मोठ्यांपासून सुरक्षित आहे का, हा प्रश्न आपण फार उशिरा विचारला. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चमधल्या तक्रारींसाठी जगभर लागू होणारे नियम काढले. गावपातळीवर याचा अर्थ साधा आहे : धर्मशिक्षणाच्या वर्गात दोन मोठी माणसं हवीत, दार उघडं हवं, सहलीला कोण नेतंय हे पालकांना माहीत हवं, आणि मूल काही सांगू लागलं तर त्याला गप्प करायचं नाही. “आपल्या चर्चचं नाव खराब होईल” हे वाक्य आवारातून कायमचं हद्दपार झालं पाहिजे.

पुढची दहा वर्षं

जमा झालं ते थोडं नाही. स्त्रिया आता फाटकावर उभ्या राहतात. पूर्वी त्या फक्त सजावटीत आणि स्वयंपाकात दिसत. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधले जाऊ लागलेत. नाताळचा गोठा पाहायला नालासोपारा-विरारहून आलेलं कुटुंब दाराशी घुटमळतं, “आम्ही ख्रिस्ती नाही, आत आलं तर चालेल का?” असं विचारतं, तेव्हा “या ना, बाळाला पुढे घ्या, नीट दिसेल” म्हणणारं कोणीतरी तिथे असतं.

उणीवही मोठी आहे. शिकलेली मुलं नोकरीसाठी बाहेरगावी आणि परदेशी गेली, तेच ते दहाबारा चेहरे प्रत्येक सणाला राबतात आणि थकतात. प्रथमोपचार आणि आग विझवण्याचं रीतसर शिक्षण थोड्यांनाच मिळालं आहे. म्हणून माझं मागणं आहे की प्रत्येक घराने वर्षातून काही रविवार फाटकासाठी द्यावेत. डॉक्टरने, शिक्षिकेने, रिक्षावाल्यानेही. फाटकावर उभं राहिलेल्या माणसाला आपल्या धर्मग्रामात कोण आजारी आहे, कोण एकटं पडलंय, कोण नव्याने राहायला आलंय हे कळतं. आणि ज्या आवारात माणसं एकमेकांना इतकं ओळखतात, तिथे वाईट हेतूने येणाऱ्याला लपायला जागा उरत नाही आणि चांगल्या मनाने येणाऱ्याला परकं वाटत नाही.