नाव नसलेल्या भावंडाचा शोध

इंग्लंडातील नगरपालिकांच्या दफनभूमीच्या कचेऱ्यांत एक विशिष्ट प्रकारची चौकशी वारंवार येते. चौकशी करणारी व्यक्ती बहुधा साठी उलटलेली असते. तिला हवी असते ती आजोबांची वा पणजोबांची कबर नव्हे. आपल्या पाठचे किंवा आपल्याआधीचे जे भावंड निष्प्राणच जन्मास आले, ते कोठे पुरले आहे एवढेच तिला विचारावयाचे असते. त्या भावंडाचे नाव नसते. तो भाऊ होता की बहीण, हेही पुष्कळांस सांगता येत नाही. घरात एक वर्ष असे होऊन गेले, की ज्याविषयी आई कधी बोलली नाही, एवढेच त्यांस ठाऊक असते.

मराठीत अशा मुलास उपजतमृत म्हणतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९२८ च्या सुमारास हजार जन्मांमागे सुमारे ४० मुले उपजतमृत असत. १९६० च्या सुमारासही हे प्रमाण हजारी २० च्या आसपास होते, म्हणजे पन्नास बाळंतपणांत एक. दुःख असे घरोघरचे, पण त्याचा उच्चार कोठेही नाही, अशी ही विलक्षण स्थिती होती.

ह्या मौनाला त्या काळची एक वैद्यकीय समजूत कारण झाली. आईने मूल पाहिलेच नाही, तर तिला त्याचा विसर लवकर पडेल, असे डॉक्टर आणि परिचारिका मानीत. हेतू दयेचा होता, ह्यात शंका नाही. पण दयेने केलेली गोष्ट शहाणपणाची असतेच असे नाही. मूल कापडात गुंडाळून तत्काळ खोलीबाहेर नेले जाई. १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर रुग्णालयांतील बाळंतपणे वाढत गेली, आणि ही रीतही त्यांबरोबर रूढ झाली. आई अंथरुणावर पडलेली असताना बाप कागदावर सही करून मोकळा होई. पुढचे सर्व रुग्णालय पाही. ठरलेला ठेकेदार लहानशी पेटी घेऊन जाई, आणि ती सामाईक कबरीत, अनेक अनोळखी पेट्यांच्या वर वा खाली ठेवली जाई. मूल एखाद्या परक्या बाईच्या शवपेटीत ठेवून पुरले आहे, असे काही आयांना सांगण्यात येई, आणि ते कधीकधी खरेही असे. धर्माचा आधारही तुटपुंजाच होता. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनाग्रंथातील अंत्यविधी बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी नाही, असे त्याच ग्रंथात लिहिले आहे.

मराठी घरांतही तान्ह्या मुलास अग्नी न देता पुरण्याची चाल आहे. दोन वर्षांच्या आतील मुलास गावाबाहेर पुरावे, असे मनुस्मृती सांगते. परंतु ते काम घरच्या माणसांच्या हातचे असे. जागा कोणा काकाला वा मामाला ठाऊक असे, आणि तो गेला की ती जागाही जाई. इंग्लंडात ते काम परक्यांच्या हाती गेले. त्यात क्रौर्य होतेच. पण परके लोक आठवणीवर काम करीत नाहीत, वहीत लिहून ठेवतात. आज जो शोध लागतो, तो ह्या वह्यांमुळे.

वही ठेवण्यास कायद्याने भाग पाडले होते. जिवंत जन्मून मेलेले मूल उपजतमृत म्हणून पुरून टाकणे हा १८७४ च्या कायद्याने गुन्हा ठरला. बालहत्या झाकण्याची ती एक वाट होती. १९२६ साली आणखी एक कायदा झाला, आणि १ जुलै १९२७ पासून इंग्लंड व वेल्समध्ये प्रत्येक उपजतमृत मुलाची नोंद आवश्यक झाली. स्कॉटलंडात ही नोंद १९३९ पासून आणि उत्तर आयर्लंडात १९६१ पासून सुरू झाली. म्हणजे ज्या मुलाविषयी घरात अक्षर निघत नव्हते, त्याच्याविषयी सरकारदप्तरी अक्षरे लिहिलेली आहेत.

पण ही नोंदवही इतर जन्ममृत्यूंच्या नोंदींसारखी खुली नाही. तिचा उतारा मागण्याचा पहिला अधिकार आईबापांचा. दोघेही निवर्तले असतील, तर त्यांच्या मृत्यूच्या तारखा देऊन भावंडांना तो मागता येतो. आई हयात असेल, तर नव्वदीच्या त्या बाईपाशी मुलाने तो विषय काढल्यावाचून गत्यंतर नाही. पुष्कळांना सबंध शोधात हीच पायरी सर्वांत कठीण वाटते. काही जण आईच्या मृत्यूपर्यंत थांबतात. काही घरांत मात्र आईच सांगते, की जाण्यापूर्वी ती जागा कळावी.

उतारा हाती आला तरी त्यात कबरीचा उल्लेख नसतो. त्यावरून जन्माची तारीख व ठिकाण कळते, आणि खरा शोध तेथून सुरू होतो. ते रुग्णालय त्या काळी कोणत्या दफनभूमीकडे मुले पाठवी, हे आधी पाहावे लागते. रुग्णालय बंद झाले असेल, तर त्याची जुनी कागदपत्रे कधीकधी जिल्ह्याच्या अभिलेखागारात सापडतात, आणि अंत्यविधीच्या ठेकेदाराच्या रोजकीर्दीही उपयोगी पडतात. नगरपालिकेच्या दफनभूमीची नोंदवही मात्र कोणासही पाहता येते. तीत नाव शोधून उपयोग नाही. आईचे आडनाव आणि त्यापुढे ‘उपजतमृत’ एवढाच शब्द असतो, काही ठिकाणी ह्या मुलांची वहीच वेगळी असते. जन्माच्या तारखेनंतरचे काही आठवडे ओळीने वाचावे लागतात. नोंद सापडली की तीपुढे जागेचा क्रमांक असतो. नकाशा काढून, शेजारच्या एखाद्या दगडी कबरीपासून फीत धरून कर्मचारी अंतर मोजतात आणि गवताच्या एका तुकड्याकडे बोट दाखवितात. तेथे काहीही उभारलेले नसते. सामाईक कबरीवर कोणा एका कुटुंबाचा हक्क नसल्यामुळे दगड बसविण्याची मुभाही नव्हती. आता काही नगरपालिका लहानशी खूण ठेवू देतात.

१९७६ साली पत्रकार बेल मूनी ह्यांनी आपल्या उपजतमृत मुलाविषयी ‘गार्डियन’मध्ये लेख लिहिला. पुढे १९७८ मध्ये अशा आईबापांची ‘सँड्स’ ही संस्था निघाली, आणि हळूहळू रुग्णालयांची रीत पालटली. १९८३ पासून नोंदीत मुलाचे नावही घालता येऊ लागले. २०२४ साली ओल्डहॅमजवळच्या रॉयटन येथील दफनभूमीत एका सामाईक कबरीची हकीकत पुढे आली. तीत सुमारे तीनशे जण पुरलेले, त्यांपैकी १४५ तान्ही बाळे व लहान मुले होती.

सर्वच शोध असे गवतापर्यंत पोहोचत नाहीत. काही मुलांचे दहन झाले. एडिंबरो येथील मॉर्टनहॉल स्मशानगृहात आईबापांना कित्येक वर्षे असे सांगण्यात आले, की इतक्या लहान देहाची रक्षा उरतच नाही. रक्षा उरत होती, आणि ती आवारातच पुरली जात होती. २०१२ साली हे उघडकीस आले आणि २०१४ मध्ये चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला.

आणखी एक वर्ग आहे, त्याच्यासाठी वहीच नाही. २८ आठवडे पुरे होण्याआधी निष्प्राण जन्मलेले मूल जुन्या कायद्याने उपजतमृतही नव्हते. १ ऑक्टोबर १९९२ पासून ही मर्यादा २४ आठवड्यांवर आली, पण त्यापूर्वीच्या मुलांना तिचा लाभ नाही. त्यांची नोंद झाली नाही, आणि बहुतेकांचे दफनही झाले नाही. इंग्लंडात २०२४ पासून २४ आठवड्यांपूर्वी गेलेल्या मुलांकरिता सरकार एक प्रमाणपत्र देते. ते केवळ स्मरणार्थ असते, आणि त्यासाठी अर्ज आई किंवा बाप ह्यांनी करावयाचा असतो.