चार तारांनी सरळ उडवलेलं ‘व्हेरोनिक’

रॉकेट सुटल्यावर पहिली काही सेकंदं मोठी कठीण. वेग कमी असल्याने शेपटाच्या पंखांना हवेची पकड मिळत नाही आणि रॉकेट कलंडू शकतं. दिशा सांभाळणारी महागडी यंत्रणा बसवायची, तर वजन वाढतं. फ्रेंच अभियंत्यांनी आपल्या ‘व्हेरोनिक’ रॉकेटसाठी साधा उपाय केला. रॉकेटला चार तारा बांधल्या आणि त्या एकाच वेगाने उलगडतील अशी सोय केली. सुमारे पंचावन्न मीटरपर्यंत रॉकेट दाव्याला बांधलेल्या वासरासारखं सरळ वर जाई. मग तारा सुटत.

नॉर्मंडीतल्या व्हर्नों गावच्या लष्करी प्रयोगशाळेत 1949 साली हे काम सुरू झालं. जर्मनीचं व्ही-2 रॉकेट घडवणाऱ्या पेनेमुंडे केंद्रातली काही मंडळी इथे नोकरीला होती. उड्डाणं मात्र प्रामुख्याने अल्जेरियाच्या वाळवंटात, हमागीरला. इंधन सुरुवातीला डिझेल होतं, पुढे टर्पेंटाइन आलं. होय, रंगारी वापरतात तेच! ते जाळायला नायट्रिक आम्ल.

सव्वासात मीटरच्या सुधारित व्हेरोनिकचं खरं चीज केलं फ्रेंच शास्त्रज्ञ जाक ब्लामाँ यांनी. मार्च 1959 मध्ये त्यांनी संधिप्रकाशात सोडियमची वाफ आकाशात सोडली. जमिनीवर अंधार पडत होता, वर मात्र अजून ऊन होतं, त्यामुळे तो ढग पिवळाधमक उजळला. जमिनीवरून टिपलेल्या छायाचित्रांत तो वाऱ्याने कसा वाहतो, हे दिसलं. साधारण शंभर किलोमीटरपर्यंत ढग घुसळला जात होता; त्याच्या वर तो शांतपणे पसरत होता. वातावरणाच्या दोन थरांमधली ही सीमा इतकी स्पष्टपणे पूर्वी कोणी पाहिली नव्हती.

लोकांच्या लक्षात राहिली ती मात्र फेलिसेत ही मांजर. 18 ऑक्टोबर 1963 रोजी व्हेरोनिकमधून ती दीडशे किलोमीटरच्या वर गेली आणि जिवंत परतली. काही महिन्यांतच मेंदूच्या तपासणीसाठी तिला मारण्यात आलं. वर पुढे कित्येक टपाल तिकिटांवर तिच्या जागी ‘फेलिक्स’ नावाचा बोका छापला गेला! स्ट्रासबुर्गजवळ तिचा पुतळा उभा राहायला 2019 साल उजाडलं.

फेलिसेतच्या उड्डाणानंतर साधारण महिनाभराने, 21 नोव्हेंबर 1963 रोजी, केरळातल्या थुंब्याहून भारतातून पहिलं रॉकेट सुटलं. रॉकेट अमेरिकन, पण आतलं सोडियमचं उपकरण फ्रान्सचं, ब्लामाँ यांच्याकडून आलेलं.

व्हेरोनिकशी आपलं नातं एवढ्यावर संपत नाही. व्हेरोनिकच्या इंजिनावर काम केलेले हाइन्झ ब्रिंगर पुढे व्हर्नोंलाच ‘व्हायकिंग’ इंजिनाचे जनक ठरले. ते तंत्र शिकायला 1970च्या दशकात नंबी नारायणन आणि इस्रोचे इतर अभियंते तिथे जाऊन राहिले आणि त्यातून आपलं ‘विकास’ इंजिन उभं राहिलं. जुलै 2023 मध्ये चांद्रयान-3 घेऊन निघालेल्या रॉकेटच्या मधल्या टप्प्यात अशी दोन इंजिनं होती. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात विकास इंजिनं अनेक वर्षं घडत आली आहेत.