त्यांना ऐकू येते का?

पक्षाघाताचा रुग्ण अतिदक्षता विभागात असला की बाहेरच्या बाकावर बसलेल्या घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘वाचतील ना?’ दुसरा प्रश्न थोड्या वेळाने, बहुधा आत जाऊन आल्यावर येतो : ‘आम्ही बोललेले त्यांना ऐकू येते का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनाही सुरुवातीला देता येत नाही. दुसऱ्याबद्दल मात्र शरीरशास्त्राला बरेच काही सांगता येते, आणि त्यावर घरच्यांनी खाटेजवळ कसे वागावे हे पुष्कळसे ठरते. म्हणून आम्ही या लेखात दुसराच प्रश्न घेतला आहे.

खरे तर हे तीन प्रश्न एकात गुंतलेले आहेत. रुग्ण जागा आहे का? शब्दांचा अर्थ त्याला लागतो का? आणि लागला तरी तसे दाखवून देण्याचे साधन त्याच्याकडे उरले आहे का? या तीन कामांची ठिकाणे मेंदूत वेगवेगळी आहेत. पक्षाघात म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे बंद पडणे किंवा रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होणे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. त्यामुळे ज्या भागाचा पुरवठा तुटतो तेथील पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. कोणती रोहिणी बंद पडली यावर कोणते काम थांबले हे अवलंबून असते. एक काम गेले म्हणून बाकीची दोन गेलीच असे नाही.

आधी जागेपणाचे पाहू. मेंदू जेथे मज्जारज्जूला जोडला जातो त्या मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागात चेतापेशींचे एक जाळे आहे. ते मेंदूच्या दोन्ही गोलार्धांना जागे ठेवते. एकाच गोलार्धात गुठळी अडकली तर हे जाळे शाबूत असते, म्हणून असा रुग्ण पहिल्या दिवशी बहुधा शुद्धीवर असतो. मग दुसऱ्यातिसऱ्या दिवशी तो गुंगीत जातो आणि घरचे हादरतात. ‘काल तर ओळखत होते, आज काय केले तुम्ही?’ असा सवाल डॉक्टरांना केला जातो. कारण बहुतेक वेळा असे असते : मोठ्या पक्षाघातात मेलेल्या भागाभोवती सूज येते आणि ती साधारणपणे दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत सर्वांत जास्त असते. कवटी ही बंद पेटी. सुजलेल्या मेंदूला पसरायला जागा नसते, दाब वाढतो आणि तो जागेपणाच्या जाळ्यापर्यंत पोचतो. याशिवाय श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास चालू असेल तर रुग्णाला मुद्दाम गुंगीचे औषधही दिलेले असते. तेव्हा रुग्ण निपचित दिसला तर ‘गुंगीचे औषध चालू आहे का?’ हे आधी विचारावे.

आता अर्थाचे. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने एका रुग्णाच्या मेंदूची तपासणी केली. लबॉर्न्य नावाच्या या रुग्णाला काहीही विचारले तरी तो ‘तां’ एवढेच म्हणे. बोललेले मात्र त्याला बरेचसे समजत असे. त्याच्या डाव्या गोलार्धाचा पुढचा भाग बिघडलेला निघाला. पुढे १८७४ साली कार्ल वेर्निके याने दाखवले की डाव्या गोलार्धात जरा मागे इजा झाली तर रुग्ण भराभर बोलतो, पण त्याच्या बोलण्यात अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला कळत नाही. दोन्हींना वाचाघात म्हणतात. बहुतेकांची भाषा डाव्या गोलार्धात असते आणि डावा गोलार्ध शरीराची उजवी बाजू चालवतो. म्हणून उजवे अंग लुळे पडले की वाचा जाण्याची शक्यता मोठी.

ही गोष्ट लक्षात न घेतल्याने आकड्यांचाही घोळ होतो. खाटेच्या कागदावर ग्लासगो मापनाचा आकडा लिहिलेला असतो. टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली ग्लासगो येथे ही पद्धत मांडली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे जास्तीत जास्त १५ गुण. कमीत कमी ३. समजा, एका शिक्षिकेला वाचाघात झाला आहे. डोळे उघडे आहेत (४), ‘हात वर करा’ म्हटले की चांगला हात त्या वर करतात (६), पण तोंडातून शब्द फुटत नाही (१). बेरीज झाली ११. हा आकडा ऐकून घरच्यांना वाटते की बाई अर्धवट शुद्धीत आहेत. प्रत्यक्षात त्या पूर्ण जाग्या आहेत! डॉक्टर म्हणूनच तिन्ही गुण वेगळे लिहितात. घरच्यांनीही बेरीज न विचारता तिन्ही वेगळे विचारावेत.

डावे अंग गेलेल्या रुग्णाची अडचण निराळी. उजव्या गोलार्धाच्या इजेत पुष्कळदा डावीकडच्या जगाकडे त्याचे लक्षच जात नाही. डोळे ठीक असतात, पण डाव्या बाजूला उभी असलेली मुलगी त्याच्या लेखी तेथे नसतेच. ‘बाबा माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत’ असे म्हणून ती रडते. तिने सुरुवातीला उजवीकडे येऊन बोलावे.

तिसरा प्रश्न, उत्तर देण्याच्या साधनाचा, सर्वांत अवघड. ‘एल’ या फ्रेंच मासिकाचे संपादक ज्याँ-दोमिनिक बोबी यांना डिसेंबर १९९५ मध्ये मस्तिष्कस्तंभाचा पक्षाघात झाला. सुमारे वीस दिवसांनी ते जागे झाले तेव्हा बुद्धी, स्मृती, भाषा सगळे जागच्या जागी होते. पण सारे शरीर लुळे होते आणि मान थोडीशी व डावी पापणी एवढेच हलत होते. जागेपणाचे जाळे वाचले, पण त्याच्या खालून जाणारे स्नायूंना आज्ञा नेणारे मार्ग तुटले. अशी अवस्था क्वचितच येते. अशा ४४ रुग्णांची एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. निदान व्हायला सरासरी अडीच महिने लागले होते आणि निम्म्याहून अधिक रुग्णांच्या बाबतीत ‘हे शुद्धीवर आहेत’ हे प्रथम डॉक्टरांच्या नव्हे, घरच्यांच्या ध्यानात आले होते.

२०१९ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मेंदूला ताजी इजा झालेल्या आणि आज्ञा न पाळणाऱ्या १०४ रुग्णांना त्यांनी ‘हात उघडा, मिटा’ अशा सूचना ऐकवल्या आणि मेंदूचा विद्युत आलेख घेतला. १६ जणांचा हात हलला नाही, पण आलेखावरून मेंदू सूचनेला प्रतिसाद देत असल्याचे दिसले. बाकी ८८ जणांत असे काही आढळले नाही, हेही तितकेच खरे. पण खाटेजवळ उभे राहून आपला रुग्ण कोणत्या गटातला हे आपल्याला ओळखता येत नाही. उपचाराचा खर्च, जमिनीचे कागद, ‘यापेक्षा सुटले तर बरे’ ही वाक्ये त्याच्या उशाशी बोलू नयेत, याचे कारण निव्वळ शिष्टाचाराचे नाही.

उलट बाजूची चूकही होते. ‘मी हात हातात दिला तर त्यांनी घट्ट धरला’ हे घरचे आनंदाने सांगतात. तान्ह्या मुलाच्या तळहातावर बोट ठेवले की ते मूठ मिटते. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाल्यावर मोठ्या माणसातही ही प्रतिक्षिप्त क्रिया परत येऊ शकते. म्हणून ‘धरा’ म्हणण्याऐवजी ‘सोडा’ म्हणून पाहावे, किंवा ‘दोन बोटे दाखवा’. पापणीचेही तसेच. ती आपोआप लवतेच, तेव्हा ‘दोनदा मिटा’ किंवा ‘वर बघा’ असे सांगावे. दर वेळी एकच सूचना, दहा-पंधरा सेकंद थांबून, आणि तीही रुग्णाच्या घरच्या बोलीत. अहिराणी बोलणाऱ्या आजीला हिंदीत दिलेली आज्ञा कळली नाही तर दोष मेंदूचा नसेल. चष्मा आणि कानाचे यंत्र घरून नेऊन सिस्टरांच्या परवानगीने लावावे. प्रतिसाद कधी व कोणत्या सूचनेला मिळाला हे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावे. घरचे माणूस जितका वेळ निरखून पाहते तितका वेळ दुसऱ्या कोणाजवळ नसतो.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगायला हवी. पक्षाघातानंतर जवळपास निम्म्या रुग्णांना सुरुवातीला नीट गिळता येत नाही, आणि पाणी श्वासनलिकेत गेले तरी काहींना ठसकासुद्धा लागत नाही. प्रेमापोटी दिलेले पळीभर तीर्थ फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडात काही घालू नये. फार तर विचारून ओठ ओले करावेत.

बोबींकडे परत येऊ. भेटायला आलेला माणूस फ्रेंच अक्षरे वापराच्या क्रमाने म्हणून दाखवी. हवे ते अक्षर आले की बोबी पापणी मिटत. असे अक्षर-अक्षर सांगून त्यांनी आख्खे पुस्तक लिहवले. ते मार्च १९९७ मध्ये निघाले आणि दोन-तीन दिवसांतच ते वारले. आपली वर्णमाला या कामाला अधिक सोयीची आहे, असे आम्हाला वाटते, कारण ती मुळातच चौकटीत बसवलेली आहे. क पासून म पर्यंत पाच ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरे. आधी ओळ विचारावी, मग अक्षर. ‘पाणी’साठी प आणि ण पुरतात. सरळ क्रमाने प एकविसावा आणि ण पंधरावा, म्हणजे ३६ वेळा विचारावे लागेल. चौकटीने प साठी ५ + १ आणि ण साठी ३ + ५, मिळून १४. पंचवीस अक्षरांची सरासरी काढली तर सरळ क्रमाने १३ आणि चौकटीने ६ येते; वरच्या वर्गातील मुलांनी हे पडताळून पाहावे. य ते ळ यांच्या आणखी दोन ओळी होतील. वाचाघाताच्या रुग्णाला मात्र या तक्त्याचा फारसा उपयोग नाही, कारण तेथे अक्षरेच हरवलेली असतात. त्याच्यासाठी चित्रे काढावी लागतात. दोन्ही तक्त्यांच्या सर्वांत वरच्या ओळीत ‘दुखते’, ‘तहान’, ‘कूस बदला’ आणि ‘आता पुरे’ ही चार घरे ठेवावीत.