स्क्विडचा प्रोसेसर शंभरावर जातो तेव्हा

पूर्णा–नांदेड लोहमार्गावर चुडावा स्टेशन लागतं. समजा, या गावातल्या एखाद्या शाळेत वीसेक संगणकांची लॅब आहे. बाहेर जाणारी इंटरनेटची लाइन एकच, आणि मधल्या एका जुन्या संगणकावर लिनक्स टाकून 'स्क्विड' हा प्रॉक्सी बसवलेला. एकदा आलेला मजकूर तो साठवून ठेवतो, नको त्या साइट अडवतो. एके दिवशी सगळ्यांचंच नेट रांगायला लागतं. पाहावं तर स्क्विडचा प्रोसेसर-वापर शंभर टक्के. अशा वेळी नव्या सर्व्हरचं कोटेशन मागवायची घाई होते. बहुतेकदा ती अनाठायी असते.

आधी हे शंभर टक्के कशाचे ते पाहावं. ड्युएन वेसल्स यांनी 'हार्वेस्ट' या संशोधन प्रकल्पातल्या कॅशपासून १९९६ मध्ये स्क्विड उभा केला. मुख्य काम एकाच प्रोसेसनं, आळीपाळीनं करायचं, ही त्याची तेव्हाची घडण. तिकिटाच्या खिडक्या चार आणि आत कारकून एकटाच, अशी ती व्यवस्था. त्यामुळे चार कोअरच्या यंत्रावर एकूण वापर पंचवीस टक्के दिसतो आणि 'अजून पुष्कळ जागा आहे' असं वाटतं. प्रत्यक्षात स्क्विडच्या वाट्याचा कोअर भरून वाहत असतो. 'टॉप' ही आज्ञा चालवून '१' दाबलं की प्रत्येक कोअर वेगळा दिसतो. २०१२ मधल्या ३.२ आवृत्तीपासून 'वर्कर्स' वाढवून एकाहून जास्त कोअर वापरता येतात, पण सेटिंगमध्ये तसं सांगितलं तरच.

त्याच पडद्यावर 'यूएस', 'एसवाय' आणि 'डब्ल्यूए' हे आकडे असतात. पहिला मोठा असेल तर प्रोग्रॅमच गणितात गुंतलाय. दुसरा मोठा असेल तर कर्नलचं, म्हणजे बऱ्याचदा नेटवर्कचं काम वाढलंय. तिसरा मोठा असेल तर प्रोसेसर बिचारा डिस्कची वाट पाहत बसलाय. तिथं प्रोसेसर बदलून काडीचाही फरक पडणार नाही. डिस्क-कॅशचा प्रकार 'यूएफएस' असेल तर डिस्कच्या प्रत्येक कामासाठी मुख्य प्रोसेस अडून राहते. 'एयूएफएस' केलं की हे काम वेगळ्या थ्रेडकडे जातं.

'यूएस' मोठा असेल तर पहिला संशय नियमांच्या यादीवर घ्यावा. कुणीतरी कुठून तरी अडवायच्या साइटची हजारो ओळींची यादी आणतो आणि ती 'यूआरएल_रेजेक्स'खाली टाकतो. रेजेक्स म्हणजे अक्षरांचा नमुना. आलेल्या प्रत्येक मागणीचा पत्ता अशा नमुन्यांशी ताडून पाहायचा, तोही पान बंदी नसलेलं असेल तर यादीच्या शेवटापर्यंत. नव्या आवृत्त्या नमुने एकत्र बांधून थोडं काम वाचवतात, तरी भार राहतोच. तीच यादी 'डीएसटीडोमेन'खाली, नुसत्या डोमेन नावांची म्हणून दिली, तर स्क्विड ती झाडासारख्या रचनेत ठेवतो आणि मोजक्या तुलनांत उत्तर काढतो. नावाआधी टिंब दिलं की उपडोमेनही त्यात येतात.

यातली खरी गंमत पुढे आहे. आज बहुतेक साइट एचटीटीपीएसवर चालतात. तिथं ब्राउझर स्क्विडला 'कनेक्ट' म्हणून फक्त साइटचं नाव आणि पोर्ट सांगतो. त्यापुढचा पत्ता कुलूपबंद असतो. म्हणजे त्या पुढच्या पत्त्यातला एखादा शब्द पकडायला लिहिलेले नमुने या मागण्यांवर कधी लागूच पडत नाहीत, पण ताडून मात्र प्रत्येक वेळी पाहिले जातात. निव्वळ वाया जाणारी मेहनत. असे नमुने सरळ काढून टाकावेत. जे ठेवावेच लागतील ते ओळीत शेवटी लिहावेत: एका ओळीतल्या अटी डावीकडून तपासल्या जातात आणि एक चुकली की पुढच्या पाहिल्या जात नाहीत. लॅबचा आयपी किंवा वेळ अशी स्वस्त अट आधी, नमुना नंतर.

यादी नीट असूनही भार उतरला नाही, तर 'ॲक्सेस.लॉग' उघडावा. नेहमीच्या मांडणीत तिसऱ्या रकान्यात मागणाऱ्याचा आयपी असतो. तेवढाच काढून, मोजून, उतरत्या क्रमानं लावला की चोर बहुधा पहिल्याच ओळीत सापडतो. प्रॉक्सीला पासवर्ड लावलेला असेल, तर लॅबमधल्या एखाद्या संगणकाचा अँटिव्हायरस त्याशिवायच अपडेट मागत राहतो, स्क्विड '४०७', म्हणजे 'आधी पासवर्ड द्या', म्हणून परत पाठवतो, तो लगेच पुन्हा मागतो, आणि हे रात्रभर, लॅबला कुलूप असतानाही चालू असतं. त्या अपडेटच्या डोमेनला पासवर्डविना वाट दिली की प्रश्न मिटतो.

पहिल्या ओळीत खुद्द प्रॉक्सीचाच आयपी दिसला तर प्रकरण वेगळं. फायरवॉलचा नियम स्क्विडनं बाहेर पाठवलेली मागणी पकडून पुन्हा त्याच्याच ३१२८ पोर्टवर आणून सोडतोय. 'व्हाया' या हेडरमध्ये स्वतःचं नाव दिसल्यावर स्क्विड हे ओळखतो आणि 'कॅश.लॉग'मध्ये 'फॉरवर्डिंग लूप'चा इशारा लिहितो. कुणी 'व्हाया' बंद करून ठेवलं असेल तर ओळखायची सोयही जाते. स्क्विडच्या स्वतःच्या मागण्या त्या नियमातून वगळणं हाच उपाय.

मराठवाड्यात विजेचा भरवसा धरता येत नाही, म्हणून एक कारण इथं हमखास तपासावं. वीज अचानक गेली की स्क्विडची साठ्याची नोंदवही अर्धवट राहते. परत सुरू होताना तो ती नव्यानं जुळवतो, 'कॅश.लॉग'मध्ये 'डर्टी' हा शब्द येतो, आणि साठा मोठा असेल तर तेवढा वेळ यंत्र धापा टाकतं. हे आपोआप निवळतं. तेवढ्यात घाबरून पुन्हा रीस्टार्ट करणारा तेच काम परत पहिल्यापासून लावतो. यूपीएस असला तरी स्क्विडला नीट बंद व्हायला वेळ द्यावा. आधीच्या मागण्या संपण्यासाठी तो मूळ सेटिंगनुसार ३० सेकंद थांबतो.

साठा किती मोठा ठेवावा? चौसष्ट बिटच्या यंत्रावर डिस्कवरच्या प्रत्येक जीबीमागे साधारण १४ एमबी मेमरी नुसत्या सूचीला लागते. शंभर जीबीला जवळपास दीड जीबी. चार जीबीच्या जुन्या संगणकावर बाकीच्या कामांसह एवढं ओझं टाकलं की मेमरी डिस्कवर सांडू लागते आणि सगळंच मंदावतं. एचटीटीपीएसमुळे साठवता येईल असा मजकूरही आता थोडाच येतो. लॉगमध्ये 'हिट' जेमतेम दिसत असतील तर सेटिंगमधली डिस्क-साठ्याची 'कॅश_डिर' ही ओळच काढून टाकावी. लहानशा लॅबला मेमरीतला २५६ एमबीचा ठरीव साठा पुरतो, आणि साइट अडवण्याचं काम डिस्कवरच्या साठ्याविनाही चालू राहतं.