मोटारीची तेलगाळणी : रचना, गुण आणि गुणांची भाषा

मोटारीच्या इंजिनातील तेल बदलताना त्याबरोबर जो मुठीएवढा पत्र्याचा डबा काढून टाकण्यात येतो, त्यास कारागीर ‘ऑइल फिल्टर’ म्हणतात. मराठीत त्याला तेलगाळणी म्हणणे सोयीचे आहे. परंतु हा शब्द आपल्याबरोबर एक चुकीची कल्पनाही घेऊन येतो. गाळणी म्हटली की चहाची गाळणी डोळ्यांसमोर उभी राहते : ठरावीक आकाराची छिद्रे, त्यांहून मोठे असेल ते वर अडते, लहान असेल ते खाली जाते. तेलगाळणीचे वर्तन असे नसते. दोन गाळण्यांची तुलना करताना ज्या चुका होतात, त्यांपैकी पुष्कळशा या एका समजुतीतून उद्भवलेल्या असतात.

डब्याच्या तोंडाशी जाड पोलादी चकती असते. तिच्या मध्यभागी आटे पाडलेले मोठे छिद्र व त्याभोवती लहान छिद्रांचे कडे असते. पंपाने ढकललेले तेल या लहान छिद्रांतून डब्यात शिरते, साडीच्या निऱ्यांप्रमाणे घड्या घातलेल्या कागदातून बाहेरून आत झिरपते आणि मधल्या सच्छिद्र नळीतून, मोठ्या छिद्राच्या वाटेने, इंजिनाच्या बेअरिंगांकडे जाते. ही मधली नळी दिसावयास क्षुल्लक वाटते. पण बाहेरून येणाऱ्या दाबाखाली कागद आत कोसळू न देणे हे तिचेच काम होय. कागदाच्या दोन्ही टोकांस चकत्या चिकटवून ती बंद केलेली असतात. तळाशी एक स्प्रिंग हा सगळा संच जागच्या जागी दाबून धरते.

१९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड व जॉर्ज ग्रीनहॉल्ग यांनी मोटारीसाठी तेलगाळणी तयार केली व तिला ‘प्युरोलेटर’ असे नाव दिले. ‘प्युअर ऑइल लेटर’, म्हणजे ‘पुढे शुद्ध तेल’, या तीन शब्दांचा संकोच करून ते नाव बनविले होते. नावातील ‘पुढे’ हा शब्द सूचक आहे. त्या काळच्या योजनेत तेलाचा काही भागच गाळणीतून वळविला जाई. उरलेले तेल न गाळताच बेअरिंगांकडे जाई आणि सगळे तेल केव्हातरी, पुढेमागे, स्वच्छ होईल अशी अपेक्षा असे. पुढे सर्वच तेल गाळणीतून नेण्याची पद्धत रूढ झाली आणि तिच्याबरोबर एक पेचही आला. गाळणी तुंबली, अथवा थंडीत तेल घट्ट होऊन कागदातून लवकर जाईनासे झाले, तर इंजिन तेलावाचून कोरडे पडणार. म्हणून ज्याला ‘बायपास व्हॉल्व्ह’ म्हणतात ती झडप बसविण्यात आली. कागदाच्या दोन बाजूंच्या दाबांत ठरावीक फरक पडला, की ती उघडते व न गाळलेले तेल सरळ पुढे सोडते. मळकट तेल हे तेल नसण्यापेक्षा बरे, एवढाच यातला हिशेब. हा फरक इंजिनाप्रमाणे बदलतो. तो बहुधा अर्धा ते दीड बार यांच्या दरम्यान असतो. कित्येक इंजिनांत ही झडप इंजिनाच्याच अंगात बसविलेली असते आणि त्यांच्या गाळणीत ती मुळीच नसते. तेव्हा आटे जुळले म्हणून गाळणी जुळली, असे म्हणता येत नाही. आणि झडप दिसली नाही म्हणून गाळणी हलकी, असेही म्हणता येत नाही.

दुसरी झडप रबराची असते. इंजिन बंद असताना डब्यातील तेल मागे ओघळून जाऊ नये म्हणून ती असते. गाळणी आडवी अथवा उलटी बसविलेली असेल, तर हिचे महत्त्व विशेष. ती निकामी झाली, की सकाळी इंजिन सुरू करताना काही क्षण कोरडी खडखड ऐकू येते. ही झडप नायट्राइल रबराची किंवा सिलिकोनची करतात. उष्णतेने नायट्राइल कालांतराने कडक होते. सिलिकोन त्या मानाने अधिक काळ लवचीक राहते. येथे तुलना सोपी आहे आणि तिचा निकालही स्पष्ट आहे.

कागदाच्या बाबतीत तसे नाही. नेहमीचा कागद लाकडाच्या लगद्यापासून केलेला असून राळेच्या योगाने तो टणक केलेला असतो. लगद्याचे तंतू चपटे, वेडेवाकडे व असमान जाडीचे असतात, त्यामुळे त्यांच्यामधील वाटाही लहानमोठ्या असतात. काचेचे किंवा कृत्रिम तंतू पुष्कळ बारीक व एकसारखे असतात. तितक्याच जागेत त्यांच्यामध्ये अधिक वाटा राहतात आणि म्हणून तेलाला कमी अडथळा करून अधिक बारीक कण त्यांना धरता येतात. दोहोंचे मिश्रणही वापरतात. कोणत्याही प्रकारात कण अडतो तो एका छिद्राच्या तोंडाशी नव्हे, तर तंतूंच्या जंजाळात कोठेतरी. वीस मायक्रॉनचा एक कण पार निघून जाईल आणि तेवढाच दुसरा अडकून पडेल. म्हणजे ‘गाळणे’ ही येथे होय-नाहीची क्रिया नसून संभवाची क्रिया आहे.

हे ध्यानात घेतले म्हणजे डब्यावरील ‘२० मायक्रॉन’ ही अक्षरे कशी अपुरी आहेत ते कळते. भाषेच्या दृष्टीने ते क्रियापद नसलेले वाक्य आहे. वीस मायक्रॉनच्या कणांचे काय होते? शंभरांतील पन्नास अडतात की नव्याण्णव? याला उत्तर देणारी मोजणी अमेरिकेतील ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत अर्नेस्ट फिच व त्यांचे सहकारी यांनी विकसित केली. गाळणीच्या आधीच्या तेलातील ठरावीक आकाराचे व त्याहून मोठे कण मोजावयाचे, नंतरच्या तेलातील मोजावयाचे आणि पहिल्या संख्येस दुसरीने भागावयाचे. या भागाकारास ‘बीटा’ म्हणतात. वीस मायक्रॉनला बीटा २ असेल, तर हजार कणांतील पाचशे पार होतात. बीटा ७५ असेल, तर सुमारे तेरा. दोन्ही डब्यांवर ‘२० मायक्रॉन’ असे छापता येते आणि दोन्ही विधाने खोटी ठरत नाहीत. पहिल्या प्रकारच्या विधानास इंग्रजीत ‘नॉमिनल’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्यासाठी मराठीत ‘नाममात्र’ हा प्रतिशब्द योजला, तर तो कोशाच्या दृष्टीने बरोबर ठरेलच, शिवाय मूळ संज्ञेहून अधिक प्रामाणिकही ठरेल. दुसऱ्यास ‘ॲब्सोल्यूट’ म्हणतात. परंतु ते निरपेक्षत्वही बहुधा ९८.७ टक्क्यांपाशीच थांबते. उलट ‘९९ टक्के कार्यक्षम’ असे नुसतेच लिहिले असेल, तर त्या वाक्यातून कणाचा आकार गाळलेला असतो. आकार, टक्केवारी आणि कसोटीचे नाव ही तिन्ही अंगे असतील, तरच विधान पुरे होते.

आज ही कसोटी बहुधा ‘आय.एस.ओ. ४५४८-१२’ या, २००० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या मानकाप्रमाणे घेतात. ठरावीक मापाची धूळ तेलात सतत मिसळत राहून ते तेल गाळणीतून पुनःपुन्हा फिरवितात आणि दाबांतील फरक ठरलेल्या मर्यादेस पोहोचेपर्यंत दोन्ही बाजूंचे कण मोजतात. त्यामुळे गाळणी किती बारीक गाळते आणि तुंबण्यापूर्वी किती मळ पोटात ठेवते, हे दोन्ही एकाच प्रयोगात कळते. या कामी वापरावयाच्या धुळीचे मूळ ॲरिझोनाच्या वाळवंटी मातीत आहे.

या काटेकोरपणाचे कारण इंजिनाच्या पोटात आहे. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो; भार पडलेल्या बेअरिंगमधील तेलाचा पापुद्रा त्या मानाने फारच पातळ, काही थोड्या मायक्रॉनांचा. पापुद्र्याहून फार लहान कण त्यातून निर्वेध निघून जातात. फार मोठे कण बहुधा फटीत शिरूच शकत नाहीत. साधारण त्याच मापाचे किंवा थोडे मोठे असतात ते दोन्ही पृष्ठभाग खरवडतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. जनरल मोटर्सच्या डेव्हिड स्टेली यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० मायक्रॉनच्या गाळणीशी तुलना करता ३० मायक्रॉनच्या गाळणीने झीज ५० टक्क्यांनी, तर १५ मायक्रॉनच्या गाळणीने ७० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. हे आकडे ठिकठिकाणी उद्धृत होतात, आणि उद्धृत होताना त्यांच्यामागची टक्केवारी बहुधा गळून पडते!

गाळणी कापून तिची परीक्षा करण्याची हौस अनेकांना असते. ती व्यर्थ नाही. घड्यांचा सांधा नीट जुळला आहे की नाही, टोकाची चकती सर्वत्र चिकटली आहे की नाही, झडप आपल्या बैठकीवर घट्ट बसते की नाही, हे कापल्यावरच दिसते. आणि यांतील एखाद्या फटीतून तेल निसटू लागले, की उत्तम कागदाचाही उपयोग उरत नाही. पण कागदातील वाटा डोळ्यांना दिसत नाहीत. घड्या अधिक म्हणजे क्षेत्रफळ अधिक, हे खरे. मात्र त्या दाटीवाटीने बसविल्या, तर एकमेकींना चिकटतात व ते क्षेत्रफळ कागदोपत्रीच राहते. टोकाला पत्र्याऐवजी पुठ्ठ्याची चकती दिसली, की नाक मुरडण्याची रीत आहे. तिला फारसा आधार नाही. चकतीचे काम टोक बंद करण्याचे असते. नीट चिकटविलेला पुठ्ठा ते करतो आणि नीट न चिकटविलेला पत्रा करीत नाही. डब्याचे वजन हे तर पत्र्याच्या जाडीचे माप होय. ते अडीअडचणीला उपयोगी पडेल, गाळण्याच्या कामी नव्हे.

अलीकडच्या बऱ्याच इंजिनांत पूर्वीप्रमाणेच पात्र कायमचे असून आतला कागद तेवढा बदलतात. अशा गाळणीला डबा नाही, आटे नाहीत. झडपाही बहुधा इंजिनाच्याच भागात राहतात. तेथे कापून पाहण्याजोगे फारसे काही उरत नाही. कागद उघडाच हाती येतो, आणि त्याविषयी जे जाणावयाचे ते खोक्यावरील वाक्यातूनच जाणावे लागते.