सेवेचा ताळेबंद : रुग्णालयातील स्वयंसेवकास काय मिळते?

या अहवालाच्या शेवटी वार्षिक जमाखर्चाची पत्रके जोडलेली आहेत. देणग्या किती आल्या, औषधांवर किती खर्च झाला, निर्धन रुग्ण निधीचा विनियोग कसा झाला, याचा तपशील तेथे मिळेल. परंतु संस्थेकडे दरवर्षी जमा होणारी एक मोठी रक्कम त्या पत्रकांत कोठेही आढळणार नाही. ती म्हणजे आमच्या स्वयंसेवकांनी दिलेला वेळ. वेळेची पावती देता येत नाही, त्यावर आयकरात सवलत मिळत नाही आणि लेखापरीक्षकही त्याची नोंद मागत नाहीत.

स्वयंसेवकांमुळे रुग्णालयाचा आणि रुग्णांचा कसा लाभ होतो, हे आम्ही वेळोवेळी मांडत आलो आहोत. आज दुसरी बाजू मांडावयाची आहे. स्वयंसेवकांना त्यांच्या घरी हमखास विचारला जाणारा प्रश्न असा, की ‘तिथे जाऊन तुम्हाला काय मिळते?’ हा प्रश्न अनेकदा थट्टेने विचारला जातो, पण तो रास्त आहे. ज्याच्याकडून आपण वेळ मागतो, त्याला त्या बदल्यात काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे स्पष्ट सांगणे संस्थेचे कर्तव्यच ठरते.

कामाचे स्वरूप

प्रथम काम समजून घेऊ. आमच्याकडे येणारे रुग्ण केवळ कोल्हापूर शहरातील नसतात. चंदगड, आजरा, राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा अशा दूरच्या तालुक्यांतून, सीमेपलीकडील निपाणी-चिकोडी भागातून आणि घाट चढून कोकणातूनही ते येतात. पहाटेची एस.टी. धरून आलेल्या माणसाला केसपेपर कोठे काढावयाचा, रक्त तपासणी उपाशीपोटी आहे की जेवल्यानंतर, रुग्ण आत असताना आपण कोठे थांबावयाचे, यांपैकी काहीच ठाऊक नसते. कन्नड जाणणारा एखादा स्वयंसेवक अशा वेळी भेटला, तर त्या कुटुंबाचा निम्मा ताण तेथेच उतरतो.

कागदपत्रांचे काम याहून जिकिरीचे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. त्याशिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. सवलत आहे, पण ती मिळविण्यासाठी रेशनकार्ड, ओळखपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हे सारे वेळेत हजर करावे लागते. घरातील माणूस अतिदक्षता विभागात असताना ही जुळवाजुळव शांतपणे करणे फार थोड्यांना जमते. शेजारी बसून अर्ज भरून देणारा, कोणता कागद कमी आहे हे समजावून सांगणारा निवृत्त बँक कर्मचारी किंवा शिक्षक हा त्या क्षणी मोठा आधार असतो.

वॉर्डातील एकट्या रुग्णाशी बोलत बसणे, वृत्तपत्र वाचून दाखविणे, डिस्चार्ज कार्डावरील सूचना पुन्हा डॉक्टर वा परिचारिकांकडून समजून घेण्यास नातेवाइकांना मदत करणे, अशी कामे त्यात भर घालतात. औषधोपचारासंबंधी सल्ला देणे मात्र या कामात येत नाही.

घेणाऱ्याचा देणारा होतो तेव्हा

अशा कामातून करणाऱ्यास काय लाभते, याचे एक उदाहरण कोल्हापूरकरांच्या परिचयाचे आहे. नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्यात कमरेखाली पक्षाघात झाला आणि चाकाची खुर्ची त्यांच्या वाट्याला आली. निराशेच्या त्या काळात, स्वतः अपंगत्वाशी झुंजणाऱ्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने त्यांना दिशा मिळाली. पुढे केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरी करीत असतानाच त्या इतर अपंगांसाठी काम करू लागल्या आणि १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. ‘चाकाची खुर्ची’ या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रवास लिहिला आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील मर्म असे, की ज्या व्यक्तीकडे समाज केवळ मदत घेणारी म्हणून पाहत होता, ती मदत देणारी झाली. शरीराची स्थिती तीच राहिली, परंतु समाजातील आणि स्वतःच्या मनातील स्थान पालटले.

जामखेड येथील अनुभव याच जातीचा आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावांनी निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तेथे शिक्षण दिले गेले. त्यांतील अनेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या, आणि त्या पगारी नोकर नव्हत्या. बाळंतपण, लसीकरण, अतिसार, कुष्ठरोग यांविषयी त्या शिकल्या व आपल्या गावी काम करू लागल्या. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातून अभ्यासक तेथे येऊ लागले, तेव्हा त्यांच्यासमोर उभे राहून बोलणाऱ्यांत याच स्त्रिया होत्या. ज्यांच्या शब्दाला घरातही मोल नव्हते, त्यांना गाव सल्ला विचारू लागले. बालमृत्यू कमी झाले हे गावाचे उत्पन्न. स्वतःवरील विश्वास ही त्या स्त्रियांची कमाई. एकाच कामातून दोन्ही बाजूंना जमा झाली.

संशोधन काय सांगते?

अनुभवाला अभ्यासाची जोड आहे का, असा प्रश्न आमचे काही विश्वस्त विचारतात. ती आहे. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या पाच रुग्णांना ऐकून घेण्याचे शिक्षण देण्यात आले आणि त्यांनी त्याच आजाराच्या ६७ रुग्णांना दूरध्वनीवरून आधार दिला. ज्यांना आधार मिळाला त्यांच्यापेक्षा आधार देणाऱ्या त्या पाच जणांत आत्मविश्वास व मनःस्थिती यांबाबत अधिक सुधारणा आढळली. संख्या लहान आहे, पण निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे.

२०१३ सालच्या एका अभ्यासात ५१ ते ९१ वर्षे वयाच्या सुमारे साडेअकराशे व्यक्तींची चार वर्षांच्या अंतराने पाहणी झाली. वर्षाकाठी दोनशे तास वा अधिक स्वयंसेवा करणाऱ्यांत उच्च रक्तदाब उद्भवण्याचे प्रमाण कमी दिसले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, पन्नाशीपुढील सुमारे तेरा हजार व्यक्तींच्या अभ्यासात वर्षाला शंभर तास सेवा करणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका कमी, तसेच आशावाद व जीवनाला हेतू असल्याची भावना अधिक आढळली. आठवड्याला दोन तास याप्रमाणे पन्नास आठवड्यांचे शंभर तास होतात. म्हणजे आम्ही मागतो तो वेळ या संशोधनातील हिशेबाशी जुळतो.

तथापि या आकड्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रकृती बरी असणारी माणसेच अशा कामास बाहेर पडतात, त्यामुळे सेवेने आरोग्य लाभले की आरोग्यामुळे सेवा घडली, हे अशा पाहण्यांतून पूर्णतः ठरत नाही. २०१३ मध्येच झालेल्या एका व्यापक आढाव्यात दीर्घकालीन पाहण्यांमध्ये लाभ दिसला, परंतु प्रत्यक्ष प्रयोगांतून त्याला तशी पुष्टी मिळाली नाही. म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करून कोणी स्वयंसेवक व्हावे, असे आम्ही सुचवीत नाही.

हेतूचा प्रश्न

सर्वांत उद्बोधक निष्कर्ष २०१२ सालचा आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली शाळा संपविलेल्या विद्यार्थ्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला होता. उतारवयात त्यांना विचारण्यात आले, की तुम्ही स्वयंसेवा का करता? चार वर्षांनंतर पाहता, स्वयंसेवा न करणाऱ्यांपैकी ४.३ टक्के व्यक्ती मृत्यू पावल्या होत्या. स्वतःच्या लाभासाठी सेवा करणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के, म्हणजे जवळजवळ तेवढेच होते. इतरांसाठी म्हणून सेवा करणाऱ्यांत ते केवळ १.६ टक्के होते.

या लेखाचा गाभा येथे आहे. स्वयंसेवेचे वैयक्तिक लाभ खरे आहेत, पण ते व्याजासारखे आहेत. मुद्दल दुसऱ्याच्या नावे ठेवले, तरच ते आपल्याकडे येते. प्रमाणपत्रासाठी, छायाचित्रासाठी किंवा केवळ वेळ जात नाही म्हणून आलेला स्वयंसेवक बहुधा थोड्या दिवसांत येईनासा होतो. वॉर्डातील एखाद्या रुग्णाचे नाव लक्षात ठेवून ‘आज कसे आहे?’ असे विचारीत येणारा मात्र टिकतो आणि त्यालाच लाभही होतो.

सातत्याचे मोल

कोल्हापूरचे दातृत्व वेगळे सांगावयास नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुका पाण्याखाली गेला, महामार्ग काही दिवस बंद पडला, तेव्हा तालमी, तरुण मंडळे, महिला मंडळे सारी रस्त्यावर उतरली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच घडले. संकटात धावून जाणे हा या मातीचा गुण आहे. परंतु रुग्णालयातील संकट पंचगंगेसारखे पावसाळ्यात चढून ओसरत नाही. ते दर मंगळवारी असते, गणेशोत्सवात असते आणि परीक्षेच्या दिवसांतही असते. त्यासाठी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येणारा माणूस हवा.

या सातत्यातूनच स्वयंसेवकाचाही लाभ होतो. निवृत्तीनंतर दिवसाला आकार राहत नाही, ओळखीचे वर्तुळ आकसते, मुले पुण्यास वा परदेशी असतात. आठवड्यातील दोन तास आपली वाट पाहणारे कोणीतरी आहे, ही जाणीव त्या वयात मोलाची ठरते. गृहिणीला घराबाहेर स्वतःच्या नावाची ओळख मिळते. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांना दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे असते. ते रुग्णालयात झाले, तर अनोळखी व दुःखी माणसाशी कसे बोलावे हे त्यांना शिकता येते, आणि वर्गात ते शिकविले जात नाही.

रुग्णांच्या आप्तांविषयी वेगळे लिहावेसे वाटते. आपल्या माणसाच्या आजारपणात ज्यांनी याच बाकांवर रात्री काढल्या, त्यांना येथील प्रत्येक वळण माहीत असते. ते ज्ञान पुस्तकात मिळत नाही आणि ते पुन्हा आठवावेसेही वाटत नाही. पण तेच दुसऱ्या कुटुंबाच्या उपयोगी पडले, की त्या रात्री अगदीच वाया गेल्या नाहीत असे समाधान काही जणांना लाभते. मात्र घाई करू नये. दुःख ताजे असताना वॉर्डात परत येणे जखमेवरची खपली काढण्यासारखे होते.

संस्थेची जबाबदारी

लाभ आपोआप होत नाही. व्यवस्था नसेल तर हानीही होते. सतत वेदना व मृत्यू पाहून संवेदनशील माणूस खचतो. म्हणून स्वयंसेवकास आरंभी प्रशिक्षण मिळावे, त्याच्या कामाची मर्यादा ठरलेली असावी, तासांना वरची सीमा असावी आणि मन जड झाले तर बोलावयास समाजसेवा विभागात कोणीतरी असावे, ही संस्थेची बाजू आहे. वेतन घेऊन करावयाचे काम स्वयंसेवकावर ढकलू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. रुग्णाची माहिती बाहेर न बोलणे, हातांची स्वच्छता पाळणे, सर्दी-ताप असताना न येणे, रुग्णाकडून पैसा वा भेटवस्तू न घेणे, ही स्वयंसेवकाची बाजू.

नम्र आवाहन

ज्यांनी आजवर धनरूपाने साहाय्य केले, त्यांचे ऋण आम्ही कृतज्ञतापूर्वक मान्य करतो. त्यांना व रुग्णांच्या आप्तेष्टांना आमची विनंती आहे, की शक्य असल्यास आठवड्यातील दोन तास या वास्तूस द्यावेत. इच्छुकांनी समाजसेवा विभागात नाव नोंदवावे. प्रथम एक महिना काम पाहावे, मगच निर्णय घ्यावा. न जमल्यास तसे मोकळेपणाने सांगावे. त्यात कमीपणा नाही.

आपण दिलेल्या तासांची नोंद आमच्या ताळेबंदात येणार नाही. एखाद्या अनोळखी कुटुंबाच्या आठवणीत मात्र ती राहील, आणि आमचा अनुभव असा, की आपल्या स्वतःच्या खात्यावरही काही ना काही जमा झालेले असेल.